घरी शिकणाऱ्या मुलाची सुरक्षा : शाळेतले डोळे घरी कुठून आणायचे?

शाळेत जाणाऱ्या मुलाला दिवसभरात किती मोठी माणसं पाहतात, ते एकदा मोजून बघा. रिक्षावाले काका, फाटकावरचे शिपाई, वर्गशिक्षिका, पीटीचे सर, डबा तसाच परत चाललाय हे ओळखणाऱ्या मावशी. यातला प्रत्येक जण देवमाणूस असतो असं नाही. पण मूल चार दिवस गप्प असलं, दंडावर वळ दिसला, घरी जायची वेळ झाली की रडू लागलं, तर ते कुणाच्या तरी नजरेत येतं. मूल घरी शिकू लागलं की हे सगळे डोळे एका दिवसात नाहीसे होतात. उरतात आई, बाबा, असली तर आजी आणि शिकवायला येणारं एखादं माणूस.

म्हणून घरी शिकणारी मुलं जास्त धोक्यात असतात, असं म्हणायचं नाही. शाळेतही काय घडू शकतं ते २०२४ साली बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणाने दाखवलं. फरक आहे तो विचारणा कुणी करायची, यात. शाळेवर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ लागू आहे, मारायला आणि मानसिक छळाला बंदी आहे, तक्रारपेटी लावायची असते, मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती नेमायची असते. अंमलबजावणी कशी होते हा वेगळा विषय, पण कागदावर तरी काहीतरी आहे. घरात तेवढंही नाही. घरी शिकणाऱ्या मुलांची नोंद ठेवणारं खातं आपल्याकडे नाही आणि १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यात घरशिक्षणाचा उल्लेखही नाही.

तेव्हा ही व्यवस्था पालकांनीच उभी करायची आहे. ती स्वतःवरही नजर ठेवणारी हवी. जी व्यवस्था फक्त बाहेरच्यांवर पहारा ठेवते आणि आई-बाबांना वगळते, ती अर्धवट आहे.

पहिलं काम : कोण पाहतं, त्याचा तक्ता

एक वही घ्या. मागच्या सात दिवसांत मुलाला प्रत्यक्ष भेटलेल्या प्रत्येक प्रौढ माणसाचं नाव लिहा. नावापुढे चार रकाने : किती वेळ भेट झाली, त्या वेळी आणखी कोण हजर होतं, भेट कुठे झाली आणि दार उघडं होतं की बंद. व्हिडिओ कॉलवरची माणसं वेगळ्या पानावर लिहा. ती नजर अपुरी असते, मूल कॅमेऱ्यासमोर खांद्यापर्यंतच दिसतं.

तक्ता भरला की दोन गोष्टी शोधायच्या. एक, आई-बाबांखेरीज कोणाशी मुलाचं एकट्याने मोकळं बोलणं होतं? दोन, मुलासोबत बंद दाराआड कोण असतं? बहुतेक घरांत पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘कुणाशीच नाही’ असं निघतं आणि दुसऱ्याचं उत्तर पालकांना आधी सुचलेलंच नसतं. शनिवारी कॅरम खेळायला येणारा दादा, आजोबांची खोली, तबल्याचे सर.

आता ‘तीन माणसं’ ठरवा. ही माणसं मुलाला महिन्यातून निदान दोनदा भेटतील आणि आई-बाबा ऐकत नसताना थोडा वेळ बोलतील. तिघांपैकी एक जण नातेवाईक नसावा. निदान एक स्त्री असावी. निदान एका व्यक्तीपर्यंत मुलाला स्वतः पोचता यावं, म्हणजे चालत जाता यावं किंवा तिचा फोन नंबर पाठ असावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या तिघांना आई-बाबांचं तोंडावर चुकतंय म्हणण्याची हिंमत हवी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे तिघेही एकाच गोटातले निवडणं. आत्या, आत्याचे यजमान आणि आजी हे तीन डोळे नव्हेत, एकच डोळा आहे. त्या घरातल्याच कुणाबद्दल मुलाला काही सांगायचं असेल तर तिन्ही दारं एकदम बंद होतात. वाचनालयातल्या ताई, पोहण्याच्या प्रशिक्षक, शेजारच्या निवृत्त शिक्षिका, दुसऱ्या घरशिक्षण घेणाऱ्या कुटुंबातली आई अशी वेगवेगळ्या बाजूंची माणसं घ्या.

त्या तिघांना हे मोघम सांगून चालत नाही. स्पष्ट सांगा : “आमचं मूल शाळेत जात नाही, म्हणून बाहेरची नजर असावी असं आम्हाला वाटतं. तुम्हाला काही खटकलं तर आधी आम्हाला विचारा. आणि खटकलेली गोष्ट आमच्याचबद्दल असेल, तर आम्हाला न विचारता १०९८ या बालमदत क्रमांकाला फोन करा.” हे वाक्य बोलताना जीभ अडखळते. अडखळू द्या, पण बोला. मुलालाही त्यांच्या देखत सांगा की ही तुझी तीन माणसं, यांच्याशी काय बोललास ते आम्ही विचारणार नाही.

शरीराचे शब्द, गंमत आणि गुपित

‘गुड टच, बॅड टच’ आता घरोघरी पोचलंय, पण त्यात एक खोट आहे. छळ करणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा आणि लाडका असतो. त्याचा स्पर्श सुरुवातीला ‘बॅड’ वाटतच नाही, गुदगुल्या वाटतात. मग मूल गोंधळतं : मला वाईट वाटलं नाही, म्हणजे ते बॅड नव्हतं का? म्हणून स्पर्श कसा वाटला यापेक्षा नियम शिकवा. चड्डीच्या आतल्या आणि छातीच्या भागाला कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि कुणी त्यांच्या त्या भागाला तुला हात लावायला सांगायचं नाही. अपवाद दोनच : स्वच्छतेसाठी मदत लागली तर आणि डॉक्टरांकडे. डॉक्टरांकडेही आई किंवा बाबा सोबत हवेत.

तीन-चार वर्षांपासून अवयवांची खरी नावं द्या : लिंग, वृषण, योनी, गुदद्वार, स्तन. घरात लाडाचे शब्द असतातच, असू द्या, पण खरा शब्द मुलाला यायला हवा. ‘काकांनी माझा पोपट धरला’ हे वाक्य आईला कळेल, वाचनालयातल्या ताईंना कळणार नाही आणि पोलिसांच्या जबाबात तर त्यातून घोळच होईल. आंघोळीच्या वेळी, कान-नाक-कोपर शिकवताना ओघात हे शब्द आले की त्यांची लाज चिकटत नाही. मुद्दाम समोर बसवून भाषण दिलं की चिकटते.

सहाव्या-सातव्या वर्षी गंमत आणि गुपित यांतला फरक सांगा. गंमत थोडे दिवस लपवायची असते आणि मग सगळ्यांना कळते, बाबांच्या वाढदिवसाच्या केकसारखी. गुपित कधीच कुणाला सांगायचं नसतं. आपल्या घरात गंमत चालते, गुपित चालत नाही. मोठ्या माणसाने ‘आईला सांगू नकोस’ म्हटलं की ते सांगायचंच, मग ती गोष्ट आइस्क्रीमची का असेना. हा नियम घरातल्या माणसांनीही पाळायचा. ‘बाबांना सांगू नको हं, मी तुला मोबाइल दिला’ असं आईने एकदा म्हटलं की नियमाला भोक पडलं.

नकाराचा सराव लहान गोष्टींतून होतो. पाहुण्यांना पापा द्यायची, मांडीवर बसायची सक्ती नको. नमस्कार पुरे. आजीला राग येईल. आजीला समजावून सांगणं हे पालकांचं काम आहे, मुलाचं नाही.

दहाच्या पुढे मासिक पाळी, स्वप्नदोष, आकर्षण हे विषय घरशाळेत आपोआप निघत नाहीत. वर्गात निदान मैत्रिणी असतात, अर्धवट का होईना माहिती मिळते. इथे ते वेळापत्रकात टाकावं लागतं. वर्षातून चार-पाच संवाद, प्रत्येकी वीस मिनिटं. यांतला एक संवाद आई-बाबांऐवजी त्या तीन माणसांपैकी कुणी केला तर उत्तम.

शिकवायला येणारी माणसं

पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी जरूर मागा. ती संबंधित व्यक्तीने स्वतः अर्ज करून मिळवायची असते. पण त्या कागदाचा अर्थ नीट ओळखा : या माणसावर आजवर गुन्ह्याची नोंद नाही, एवढंच तो सांगतो. बालकांवरचे कितीतरी गुन्हे नोंदवलेच जात नाहीत, त्यामुळे कोरा कागद म्हणजे हमी नव्हे. त्याहून उपयोगी ठरतात दोन फोन. आधी जिथे शिकवत होते अशा दोन कुटुंबांना स्वतः फोन करा आणि ‘कसे शिकवतात?’ याऐवजी ‘शिकवणी का थांबली? मुलाला परत त्यांच्याकडे पाठवाल का?’ असं विचारा. दुसऱ्या प्रश्नानंतर पलीकडे किती वेळ शांतता पसरते, तेही ऐका.

पहिल्या दिवशी नियम तोंडी आणि लेखी द्या. शिकवणी दिवाणखान्यात होईल, नाहीतर खोलीचं दार सताड उघडं राहील. घरात दुसरं प्रौढ माणूस असेल तेव्हाच वर्ग होईल, नसेल तर रद्द, पैसे कापले जाणार नाहीत. (हे शेवटचं मुद्दाम घाला. पैसे बुडतील म्हणून शिक्षक ‘चालेल हो, मी बसतो’ म्हणतात आणि नियम पहिल्याच महिन्यात मोडतो.) मुलाशी फोनवर वैयक्तिक निरोपानिरोपी नाही, जे काही ते पालक असलेल्या गटावर. भेटवस्तू नाही. शिकवायला गरज नसेल तर स्पर्श नाही. तबला, नृत्य, पोहणं, कुस्ती यांत हात धरून शिकवावं लागतं, तिथे कुठे आणि कशासाठी हात लागेल ते शिक्षकाने मुलाला आधी सांगायचं. चांगल्या शिक्षकाला या नियमांनी हायसं वाटतं, कारण त्यालाही खोट्या संशयापासून संरक्षण मिळतं. जो ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ म्हणून दुखावतो, त्याला मानधन देऊन नमस्कार करा.

विश्वास कमावून मुलाला जाळ्यात ओढणाऱ्यांची चाल ओळखीची असते. आधी पालक जिंकले जातात : फी कमी, अडल्यानडल्याला मदत, ‘तुम्ही दमता, मी त्याला संध्याकाळी फिरवून आणतो’. मग मूल ‘खास’ ठरतं : ‘याच्यासारखा विद्यार्थी मी पाहिला नाही’. मग वेळ वाढत जातो, फुकट जादा तास, एकट्याने सहल. मग छोटी गुपितं. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर निर्दोष आहे, आणि तिथेच फसगत होते. वहीतला तक्ता दर तीन महिन्यांनी पुन्हा भरला तर एकाच नावापुढचे तास कसे वाढत गेले ते पांढऱ्यावर काळं दिसतं.

घरशिक्षण घेणाऱ्या कुटुंबांचे गट एकत्र सहली, शिबिरं करतात. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून कुणीच नेमकं लक्ष ठेवत नाही. मुक्कामाचं शिबिर असेल तर निघण्याआधी लेखी ठरवा : झोपायची व्यवस्था मुला-मुलींची आणि लहान-मोठ्यांची वेगळी, कुठलाही एकटा प्रौढ एकट्या मुलासोबत खोलीत वा गाडीत नाही, रात्री जागायची पाळी दोघांची. वयात चार-पाच वर्षांचं अंतर असलेल्या मुलांना तासन् तास एकटं सोडू नका. मोठ्या मुलाकडून लहानग्याला त्रास होणं ही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

पडद्यासमोरचा वर्ग

घरी शिकणारं मूल ऑनलाइन बराच वेळ असतं आणि त्यातला मोठा भाग ‘अभ्यास’ या नावाखाली सुरक्षित मानला जातो. संगणक दिवाणखान्यात, पडदा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. एकास एक वर्ग असेल तर हेडफोन नको, स्पीकरवर आवाज. खातं पालकांच्या ईमेलवर. खेळातली गप्पांची सोय बारा वर्षांखाली बंद. शिक्षकाने ठरलेल्या मंचाऐवजी दुसऱ्या ॲपवर बोलावलं, तर तिथेच थांबायचं.

कुणी मुलाकडे फोटो मागितला किंवा मिळालेल्या फोटोवरून धमकावलं, तर पहिलं वाक्य : “तुझी चूक नाही, फोन काढून घेणार नाही.” फोन जाईल या भीतीनेच मुलं महिनोन् महिने गप्प राहतात. मग समोरच्याचं खातं, नाव, तारीख, गप्पा दिसतील अशा पडद्याच्या नोंदी (स्क्रीनशॉट) ठेवा आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. एक सावधगिरी मात्र फार महत्त्वाची आहे : मुलाचा नग्न वा अश्लील फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पुढे पाठवू नका, नवऱ्याला नाही, वकील असलेल्या मामाला नाही. असं साहित्य पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे, आणि ते जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. उपकरण आहे तसं ठेवा, काही पुसू नका आणि लगेच पोलिसांना दाखवा.

आता पालकांच्या स्वतःच्या हौशीबद्दल. घरशाळेचे व्हिडिओ टाकणारी खाती खूप झाली आहेत. मुलाचं नाव, सोसायटीचं फाटक, ‘रोज पाच वाजता आम्ही या बागेत’ एवढं तीन व्हिडिओंतून अनोळखी माणसाला कळतं. वेळ आणि ठिकाण दाखवायचं असेल तर निदान आठवडाभराने दाखवा, अंघोळीचे-पोहण्याचे व्हिडिओ अजिबात नकोत. आणि त्यातून पैसे मिळत असतील तर तो छंद राहत नाही. बालकामगार नियमांनुसार बालकलाकाराचं काम दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त नसावं, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नसावं आणि मिळकतीचा निदान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जायला हवा. घरच्या दुकानात, शेतावर, खानावळीत मदत करण्याची मुभा कायदा १४ वर्षांखालील मुलाला देतो, पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत. घरी शिकणाऱ्या मुलाला शाळेची वेळच नसते, तिथे ‘अनुभवातून शिक्षण’ म्हणत दिवस दुकानातच जाऊ शकतो. शिकण्याचे तास भिंतीवर लिहून ठेवा.

आरोग्याची तपासणी, जी आता आपोआप होणार नाही

सरकारी शाळांत आणि अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, खासगी शाळांत दात-डोळे तपासणी होते. घरच्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही. फळा दिसत नाही ही तक्रारही नसते, कारण फळाच नसतो, आणि चष्म्याचा नंबर वर्षानुवर्षं कळत नाही. म्हणून वर्षातून एकदा डोळे आणि दात, दर सहा महिन्यांनी उंची-वजन बालरोगतज्ज्ञांच्या वाढीच्या तक्त्यावर. पाचव्या-सहाव्या वर्षीचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, १० आणि १६ व्या वर्षीची टीडीची (धनुर्वात, घटसर्प) लस विसरायची नाही. डॉक्टर एकच ठेवा, सारखे बदलू नका. एकच डॉक्टर असले की वजन घटलं, मूल बावरलं हे त्यांच्या लक्षात येतं. दहाव्या वर्षानंतर तपासणीच्या वेळी पाच मिनिटं डॉक्टरांनी मुलाशी पालकांशिवाय बोलावं, अशी विनंती तुम्हीच करा. अंगाला हात लावून तपासायचं असेल तेव्हा मात्र सोबत राहा.

जेव्हा धोका घरातच असतो

हा भाग वाचायला नको वाटतो, पण सगळ्यात गरजेचा हाच आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दर तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. घरशिक्षणात आई हीच शिक्षिका, सहा-सात तास तेच दोन चेहरे, स्वयंपाक, सासूबाईंचं औषधपाणी आणि वर ‘शाळेतून काढलं, आता याचं काही झालं नाही तर?’ ही धाकधूक. भागाकार चौथ्यांदा चुकला की हात उठतो. शाळेत भांडण झालं तर मूल घरी येऊन सावरतं. घरच शाळा असेल तर सावरायला जागा कुठली?

यासाठी ठोस सोय लावा. एका विषयावर खटका उडाला आणि दहा मिनिटांत सुटला नाही, तर पुस्तक मिटायचं, त्या दिवशी तो विषय पुन्हा नाही. मुख्य शिकवणाऱ्या पालकाला आठवड्यातून सलग अर्धा दिवस सुट्टी, त्या वेळी मूल दुसऱ्या पालकाकडे किंवा तीन माणसांपैकी कुणाकडे. हात उठला, कोंडून ठेवलं, जेवण बंद केलं, तर तारीख टाकून त्याच वहीत लिहा आणि जोडीदाराला दाखवा. महिन्यात दोनदा लिहावं लागलं तर ती शिस्त उरलेली नाही, मदत घ्यायची वेळ आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मुलाचा ताबा असलेल्या व्यक्तीने मारहाण केली, हेळसांड केली तर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ खाली तो गुन्हा आहे, पालकांनाही तो लागू आहे.

मुलाला परतीची वाट दिसली पाहिजे. वर्षातून दोनदा, आई-बाबा नसताना, तिघांपैकी कुणी तरी विचारावं : “शाळेत जावंसं वाटतं का?” उत्तर हो आलं तर अडचण नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार १४ वर्षांपर्यंतच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि कलम १५ नुसार वर्ष अर्ध्यावर आलं म्हणून तो नाकारता येत नाही. जन्मदाखला, आधीचा शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरण कार्ड आणि महिन्यागणिक तारखा टाकलेली कामाची फाइल एकत्र ठेवा. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक दारात आले की दार लावू नका. मुलाला भेटू द्या, फाइल दाखवा, नोंद करून घ्या. मुक्त विद्यालयाची पाचवी-आठवी असो की दहावीला १७ नंबरचा (शाळेत न जाता परीक्षेला बसण्याचा) अर्ज, मुलाचं नाव कुठल्या तरी सरकारी कागदावर असणं ही सुरक्षाच आहे.

मुलाने काही सांगितलं तर

मूल सहसा एकदम सगळं सांगत नाही. एक तुकडा टाकून तुमचा चेहरा बघतं. तो चेहरा शक्य तितका शांत ठेवा. म्हणायचं एवढंच : “सांगितलंस ते बरं केलंस. माझा विश्वास आहे. तुझी चूक नाही. आता मी मदत करते.” ‘आधी का नाही सांगितलंस?’ नको. ‘नक्की ना?’ नको. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही नको, कारण ते पाळता येणार नाही. खोदून प्रश्न विचारू नका. ‘त्यांनी इथे हात लावला का?’ अशा प्रश्नांतून तुमचे शब्द मुलाच्या तोंडी जातात आणि पुढे न्यायालयात तेच धरून मुलाला खोटं पाडलं जातं. ‘मग काय झालं?’ एवढं पुरे. बाजूला जाऊन मुलाचे शब्द जसेच्या तसे, बोबडे असले तरी तसेच, तारीख-वेळ टाकून लिहा.

घटना ताजी असेल तर मुलाला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, ते कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि पुरावा खराब होतो. रुग्णालयात लगेच जा : एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकी उपयोगी. सरकारी असो वा खासगी, उपचार मोफत द्यायचे असतात, ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ असं म्हणता येत नाही. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरने करायची, जवळचं माणूस सोबत ठेवून.

लैंगिक छळाची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं पोक्सो कायदा २०१२ (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) च्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे, ‘बघू, घरात बोलून’ हा पर्याय कायद्याने ठेवलेला नाही. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. १०९८ किंवा ११२ लावा, नाहीतर कुठल्याही पोलीस ठाण्यात जा, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. मुलाचा जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक वा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. गुन्ह्याच्या नोंदीची प्रत मोफत मागून घ्या. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. समितीकडे मुलासाठी साहाय्यक व्यक्ती मागा, खटला संपेपर्यंत ती सोबत राहते. आर्थिक मदतीसाठी मनोधैर्य योजना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते.

ज्याच्यावर आरोप आहे त्याला जाब विचारायला जाऊ नका. तो सावध होतो, फोन पुसतो, आणि नातेवाईकांची बैठक बसते. ‘पोरीच्या लग्नाचं काय?’ हे वाक्य त्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच. बैठकीआधी नोंद झालेली असावी.

शेजारी, नातेवाईक, क्लासवाल्या ताईंसाठी

मूल शाळेत जात नाही एवढ्यावरून संशय घेऊ नका. घरशिक्षण निवडणारे बहुतेक पालक मुलासाठी जीव टाकणारे असतात. पण मूल कित्येक आठवडे कुणालाच दिसलेलं नाही, विचारलं की दर वेळी नवं कारण, उत्तर देण्याआधी ते आईच्या तोंडाकडे बघतं, थंडीवाऱ्याचं अपुऱ्या कपड्यांत किंवा अधाशासारखं खाताना दिसतं, तर ते लक्षात ठेवा. खेळताना लागतं ते गुडघा, नडगी, कोपर, कपाळ या हाडाच्या जागी. कान, गाल, पाठ, ढुंगण, मांडीची आतली बाजू इथले वळ सहसा पडून होत नाहीत. बोटांचे, पट्ट्याचे, उलथन्याचे आकार उमटले असतील तर विचारच नको.

१०९८ ला फोन करताना पुरावा लागत नाही, तुमचं नाव गुप्त ठेवतात. काय पाहिलं, कधी, किती वेळा, मुलाचं अंदाजे वय, घराची खूण एवढं सांगा. आपला अंदाज सांगू नका, पाहिलेलं सांगा. लैंगिक छळाची माहिती सद्हेतूने दिली आणि ती पुढे चुकीची निघाली, तरी पोक्सोच्या कलम १९ च्याच शेवटच्या पोटकलमाने तुम्हाला संरक्षण आहे. फोन केल्यावर पथक येऊन गेलं आणि काही झालं नाही असं वाटलं, तर महिन्याभराने पुन्हा करा, आणि मधल्या काळात त्या मुलाला हाक मारून, काहीतरी निमित्त काढून, खेळायला बोलवत राहा.